मसला विचारला, मर्ज राहून गेला

फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) हे नाव आपल्या समाजात फारसे कुणाला ठाऊक नसते. हजरत खदीजा, हजरत आयेशा, हजरत फातिमा यांची नावे लहान मुलीही सांगतात. मीलादच्या भाषणांत, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांत ती नेहमी येतात. अबी हुबैश यांच्या या लेकीचे नाव मात्र कुठल्या भाषणात येत नाही, कारण हदीसच्या ग्रंथांत ते आले आहे एका दुखण्याच्या निमित्ताने. त्यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्या प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे गेल्या आणि मी पाक होतच नाही, तर नमाज सोडून द्यायची का, असे त्यांनी विचारले. त्यांना सांगण्यात आले की हे पाळीचे रक्त नव्हे, हे शिरेतून येणारे रक्त आहे. पाळीचे नेहमीचे जेवढे दिवस असतील तेवढे दिवस नमाज सोडावी, ते संपले की आंघोळ करून नमाज पढावी. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या या सवाल-जवाबात दोन गोष्टी एकत्र आहेत. एक मसला, म्हणजे नमाज पढावी की नाही हा धर्माचा प्रश्न. दुसरी मर्ज, म्हणजे शरीराचे दुखणे. हे रक्त नेहमीचे नाही, याचे कारण वेगळे आहे, एवढे त्या उत्तरातच सांगितले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की पुढच्या काळात आपल्या बायकांनी मसला विचारणे कधी सोडले नाही, मर्ज मात्र वाटेत मागे पडला. तो कुठे मागे पडला, मध्येच कुणी उचलून घेतला आणि आज तो कुठे येऊन थांबला आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मदिनेतील बायका

असा प्रश्न विचारणाऱ्या फातिमा (रजि.) एकट्या नव्हत्या. उम्मे हबीबा बिन्त जहश (रजि.) यांना हाच त्रास सात वर्षे होता आणि त्यांनीही तो सांगितला, अशी नोंद आहे. अस्मा (रजि.) नावाच्या एका बाईंनी पाळीनंतरच्या आंघोळीची रीत विचारली. कस्तुरी लावलेल्या कापडाने किंवा कापसाने स्वच्छता करावी, असे प्रेषितांनी सांगितले. पण म्हणजे नेमके कसे, असे त्यांनी पुन्हा विचारले. प्रेषितांना संकोच वाटला. तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी त्या बाईंना आपल्याजवळ ओढून घेतले आणि नीट समजावून सांगितले. अन्सारच्या बायकांना दीन समजून घेताना लाज आडवी आली नाही, असे कौतुकही हजरत आयेशा यांनी केले आहे.

या प्रसंगात आम्हाला तीन माणसे दिसतात. विचारणारी बाई, उत्तर देणारे प्रेषित आणि त्या दोघांच्या मध्ये उभी असलेली, ज्ञान असलेली एक बाई. संकोच तेव्हाही होता. पण संकोचामुळे प्रश्न परत गेला नाही, कारण तो हातात घेणारी बाई तिथे हजर होती. स्त्रियांच्या आजारांविषयीच्या माहितीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही मधली बाई कधी होती आणि कधी नव्हती, याचाच इतिहास आहे.

दिवसांचा हिशेब

या प्रश्नांमधूनच फिकहच्या ग्रंथांत हैज, निफास आणि इस्तिहाजा असे प्रकरण तयार झाले. हैज म्हणजे पाळी, निफास म्हणजे बाळंतपणानंतरचे रक्त आणि या दोन्हींत न बसणारे ते इस्तिहाजा. दख्खनमधील बहुतेक मुसलमान हनफी आहेत. त्यांच्याकडे पाळी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० दिवसांची धरतात. कोकणातील आपले भाईबंद शाफई. त्यांच्याकडे ती कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त १५ दिवसांची. निफासची कमाल मर्यादा हनफींमध्ये ४० दिवस, शाफईंमध्ये ६० दिवस. दोन पाळ्यांच्या मध्ये कमीत कमी १५ दिवस पाकीचे असतात, यावर दोन्ही मजहब एक आहेत.

शाळेत बीजगणिताला घाबरणारी आपली बाई हा हिशेब बोटांवर करते. प्रत्येकीची आपली एक 'आदत' असते, म्हणजे दर महिन्याचे ठरलेले दिवस. ते तिला लक्षात ठेवावे लागतात, कारण त्यावर नमाज आणि रोजे अवलंबून. आज कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलो तर पहिला प्रश्न येतो तो मागची पाळी कधी आली होती आणि किती दिवस टिकली. पुष्कळ बायका तिथे अडखळतात. नमाजी बाईने अडखळू नये, अशी तयारी तिच्या धर्मानेच तिच्याकडून करून घेतलेली आहे.

मग अडले कुठे? हिशेब चुकला की विचारायला माणूस कोण, इथे अडले. घरात शिकलेली बाई नसली की प्रश्न नवऱ्याकडे जाई, नवऱ्याकडून मशिदीच्या इमामसाहेबांकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. एवढा प्रवास करताना प्रश्न लहान होत जातो. बाईच्या मनात असते की रक्त थांबत नाही, चक्कर येते, कंबर मोडून जाते. नवरा तेवढे सगळे सांगत नाही. तो विचारतो, दहा दिवसांवर गेले तर नमाजचे काय? उत्तर येते, ते इस्तिहाजा आहे, वुजू करून नमाज पढावी. उत्तर बरोबर आहे. मसला सुटला. चक्कर मात्र तशीच राहिली.

पडद्याआडची नाडी

हकिमांकडे या दुखण्यांचे ज्ञान नव्हते असे कुणी म्हणू नये. इब्न सीना १०३७ साली वारले. त्यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात गर्भाशयाच्या आजारांची सविस्तर चर्चा आहे. पाळी बंद होणे याला तिब्बच्या भाषेत इहतिबास-ए-तम्स, जास्त जाणे याला कसरत-ए-तम्स, पांढरे जाणे याला सैलान-उर-रहम अशी स्वतंत्र नावे आहेत. नावे होती, नुस्खेही होते. पण ती अरबी-फारसीच्या पानांत होती आणि दुखणे जनानखान्यात होते. इज्जतदार घरातली बाई पडद्यातून हात बाहेर काढी, हकीमसाहेब नाडी पाहत आणि लक्षणे एखादी दासी किंवा सासू सांगे. म्हणजे इथेही दुसऱ्याच तोंडाने बोलायचे.

राहिली ती दाई. आपल्याकडची सुईण. तिच्याजवळ बाई मोकळी बोले. अनेक अडलेल्या बाळंतिणी या बायकांनी सोडवल्या, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण बाळंतपणापलीकडची दुखणी तिच्याही आवाक्याबाहेर होती.

बायकांची या विषयावरची बोली पाहिली म्हणजे परिस्थिती आणखी स्पष्ट होते. दिल्ली-लखनौच्या बेगमा पाळीला 'सर मैला होना' म्हणत. मराठीत 'कावळा शिवला' म्हणत. गरोदरपण म्हणजे आपल्या घरांत 'पाँव भारी', शेजारच्या मराठी घरांत 'दिवस गेले'. गर्भाशय खाली सरकले तर 'अंग बाहेर येते'. आणि 'अंगावर जाते' हा शब्द तर सर्वांत सोयीचा. साधा पांढरा स्राव, जंतुसंसर्ग, महिनाभर चालणारा रक्तस्राव आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, या सगळ्यांना तो चालतो. ही बोली लाज झाकते आणि बाईला बाईजवळ बोलते करते, हे खरे. पण ज्याला त्यातली खूण कळत नाही, त्या डॉक्टरच्या हाती तिच्यातून काहीच लागत नाही.

छापील पानांवर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उर्दू छापखान्याने एक नवी वाट काढली. वाचता येणाऱ्या बाईला आता मध्ये कुणाला घालण्याची गरज उरली नाही.

याची सुरुवात करणाऱ्यांत एक राज्यकर्ती बाई होती. भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांनी १८८९ साली 'तहजीब-उन-निस्वाँ व तर्बियत-उल-इन्सान' हा ग्रंथ लिहिला. गरोदरपण, बाळंतपण, बाळाला पाजणे, आजार आणि उपचार यांवर त्यात एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिले. त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम यांनी १९०१ ते १९२६ या आपल्या कारकिर्दीत दायांना शिकवून तयार करण्याचे काम हाती घेतले आणि स्वतःही आरोग्यावर पुस्तके लिहिली.

१ जुलै १८९८ रोजी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे साप्ताहिक निघाले. सय्यद मुमताज अली हे त्याचे चालक आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम संपादक. सुरुवातीला त्यांनी ओळखीच्या घरांत अंक फुकट पाठवले, तर काही घरांतून शिव्या लिहून परत आले. वर्गणीदार शेकड्यांत मोजण्याइतके व्हायलाही काही वर्षे लागली. पण या साप्ताहिकाने एक मोठे काम केले. परक्या गावातल्या, कधी तोंड न पाहिलेल्या बायका त्यात एकमेकींना पत्रे लिहू लागल्या. स्वतःच्या नावाऐवजी अमक्याची आई, तमक्याची बायको अशा सह्या त्या करत आणि एकमेकींना 'तहजीबी बहनें' म्हणत. हे लोण आपल्या किनाऱ्यापर्यंतही आले होते. जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैजी यांनी विलायतेतून लिहिलेली रोजनिशी १९०७ साली याच साप्ताहिकात छापून आली.

आणि मग 'बहिश्ती जेवर'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांनी लिहिलेले हे पुस्तक आजही लेकीच्या जहेजमध्ये दिले जाते. त्याच्या अनेक मतांशी आजच्या शिकलेल्या बाईचे पटणार नाही, आमचेही पटत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. पाळीचे, बाळंतपणाचे, आंघोळीचे मसले साध्या बोली उर्दूत त्यांनी थेट बाईच्या हातात दिले. शिकवणारा पुरुष असेल तर लाजेचे मसले त्याने आपल्या पत्नीमार्फत समजावून द्यावेत, नाहीतर हा भाग नंतर स्वतः वाच असे मुलीला सांगावे, अशी सूचनाही पुस्तकात आहे. मदिनेतल्या त्या मधल्या बाईची जागा त्यांनी ओळखली होती.

या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. हैजचे मसले दुसऱ्या भागात आहेत. तिब्ब, म्हणजे आजार आणि औषधे, नवव्या भागात. एकाच पुस्तकात दोन्ही आहे, मध्ये कितीतरी पाने आहेत. दुसरा भाग घरोघरी पाठ झाला. नववा भाग जुना झाला, त्यातील नुस्खे मागे पडले, आणि त्या जागी नवे काही आले नाही.

डॉक्टरीण आली

दुसरी वाट दवाखान्यातून आली. पुरुष डॉक्टरसमोर दुखणे उघडे करण्यापेक्षा सोसत राहणाऱ्या बायकांसाठी आपण डॉक्टर होणार, असे म्हणत आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले, सेवा करण्याची संधी मिळाली नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून निधी सुरू झाला. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले, तिथे बायकांवर उपचार करायला बायका होत्या. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी जनाना तिब्बी मदरसा काढला. १९१६ मध्ये तिथेच लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज सुरू झाले.

याच कॉलेजातून १९२९ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या रशीद जहान. अलीगढमध्ये मुलींची शाळा काढणारे आणि 'खातून' मासिक चालवणारे शेख अब्दुल्ला यांच्या त्या कन्या. पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ, वृत्तीने लेखिका. १९३२ च्या अखेरीस निघालेल्या 'अंगारे' या संग्रहात त्यांचे 'पर्दे के पीछे' हे छोटे नाटक आहे. त्यात फारसे काही घडत नाही. दोन शरीफ घरांतल्या बायका बसून बोलतात. त्यातली मुहम्मदी बेगम आपली कहाणी सांगते. वर्षावर्षाला बाळंतपणे, खाली आलेले गर्भाशय, त्यावर केलेली शस्त्रक्रिया, आणि नवरा दुसरी करील ही धास्ती. उर्दू साहित्यात बाईच्या शरीराची दुखणी त्यांच्या खऱ्या नावाने इतक्या उघडपणे क्वचितच कुणी त्याआधी बोलली असेल. मार्च १९३३ मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. संग्रहातल्या इतर कथांवरचा राग वेगळा होता. पण आम्हाला वाटते की डॉक्टर रशीद जहान यांनी बायकांकडून जे ऐकले, तेच कागदावर उतरवले. तपासणीच्या खोलीत बाई बोलते, हे त्यांनी पाहिले होते. समोर ऐकणारी बाई हवी, एवढेच. रशीद जहान स्वतः गर्भाशयाच्या कर्करोगाने आजारी पडल्या. उपचारांसाठी मॉस्कोला गेल्या आणि २९ जुलै १९५२ रोजी तिथेच वारल्या. तेव्हा त्यांचे वय ४६ होते.

गडचिरोलीचा आकडा

हे फक्त आपल्या समाजाचे दुखणे आहे, असे कुणी समजू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी ३.६ आजार होते. आणि आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बुरख्या-पडद्याची रीत त्या खेड्यांत नाही. तरीही बाई गप्पच होती. म्हणजे पडदा कापडाचा असतोच असे नाही. तपासायला एक बाई गावात आली, तिने आपुलकीने विचारले, आणि वर्षानुवर्षांची दुखणी उजेडात आली.

दुसरा दाखला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याचा. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा तिथे अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही चाचणी एकदाच केली, तरी त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांना तपासणीला बोलावले त्यांपैकी बहुतेक जणी आल्या. बायका येत नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. नीट बोलावले तर येतात, असा हा पुरावा आहे. देशभराचे चित्र मात्र निराळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांत अशी तपासणी कधी तरी झालेल्या १०० मागे २ सुद्धा नव्हत्या.

आज मर्ज कुठे आहे

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. तो घाईघाईने उरकण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे. मुली वर्गात काही विचारत नाहीत. पण रमजान जवळ आला की तास सुटल्यावर दाराशी रेंगाळतात. आपा, पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर रोजा होतो का? आपा, बारा दिवस झाले, अजून थांबले नाही, रोजे धरू का? विचारतात ते मसलेच. पण थोडे थांबून, किती महिन्यांपासून असे होते, थकवा येतो का, पोटात कळा येतात का, असे विचारले की मर्ज बाहेर येतो. मेडिकलमधून आणलेली गोळी कुणाला विचारून घेतलीस, या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर असते, भाभीने सांगितले. हातात मोबाइल आहे, त्यात शंभर उत्तरे आहेत, पण त्यातले कोणते आपले हे सांगणारी मधली बाई त्यात नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. ही नवी रीत नव्हे, फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांना मिळालेल्या उत्तराचीच ही आठवण आहे. आज गावोगाव बायकांचे इज्तिमे होतात, मुलींचे मदरसे आहेत, आलिमा झालेल्या लेकी आहेत. बाई मसला विचारते तेव्हा उत्तर देणारीने मसला सांगावाच. पण हे इस्तिहाजा आहे असे जेव्हा सांगाल, तेव्हा आणखी एक वाक्य त्याला जोडावे: हे रक्त नेहमीचे नाही, डॉक्टरला दाखवून घ्या. दहा किंवा पंधरा दिवसांच्या वर जाणारे रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर जाणारे रक्त, दुर्गंधी असलेला स्राव, आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, ही सगळी तपासणीची निमित्ते आहेत. पाळी गेल्यानंतरचे रक्त तर एकदाच दिसले, तरी थांबून राहू नये. दर वेळी कर्करोगच निघतो असे नाही. साधे कारण निघण्याचीच शक्यता जास्त. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि आम्ही शिक्षिकांनी तो दहावीचा पाठ पूर्ण तास घेऊन शिकवावा. हैज हा शब्द मुलींनी फिकहच्या किताबात वाचलेला असतोच. तोच शब्द विज्ञानाच्या तासाला मोठ्याने उच्चारला तर काही बिघडत नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर आपले दुखणे दुसऱ्याच्या तोंडून न सांगता स्वतः सांगता यावे, त्यासाठी चार नेमके शब्द आणि दिवसांचा नीट हिशेब तिच्याजवळ असावा. हिशेब तिच्या आजीकडून आला आहे. शब्द देण्याचे काम आपले आहे.